घटक ४ : मराठी मजकूर, कन्सोल खिडकी आणि फाइल : व्यासपीठनिष्ठ मॉड्यूलांचा परिचय

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• अक्षर, संकेतांक आणि बाइट या तीन पातळ्यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• प्रमाण मॉड्यूल आणि व्यासपीठनिष्ठ मॉड्यूल यांचा संबंध सांगता येईल.
• कन्सोल खिडकीत मराठी मजकूर का बिघडतो, याची कारणे देता येतील.
• मराठी मजकुराची फाइल उघडताना व जतन करताना घ्यावयाची दक्षता सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण लोकसाहित्याच्या संकलनाची पद्धती पाहिली. संकलित मजकूर आता बहुतेक वेळा संगणकावर ठेवला जातो. तेथे तो कसा राहतो आणि कोणत्या क्षणी धोक्यात येतो, हे मराठीच्या अभ्यासकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. प्रस्तुत घटक त्यासाठी आहे. तो समजण्यासाठी संगणकशास्त्राचे पूर्वज्ञान लागणार नाही. भाषाविज्ञानाच्या घटकात अभ्यासलेली ‘संकेत’ ही संकल्पना मात्र पदोपदी उपयोगी पडेल.

एक उदाहरण घेऊन चालू. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात बोरी हे गाव आहे. समजा, तेथील एका विद्यार्थिनीने आपल्या आजीकडून व शेजारच्या वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून त्या संगणकावर उतरवल्या. तिचा संगणक लिनक्स प्रणालीवर चालतो, अभ्यासकेंद्रातील संगणक विंडोज प्रणालीवर. ओव्यांतील शब्दांची वारंवारता मोजण्यासाठी केंद्रात पायथॉन भाषेतील एक छोटा प्रोग्राम वापरतात. त्या प्रोग्रामने तिची फाइल उघडली आणि पडद्यावर ओवीऐवजी परकी चिन्हे उमटली. ओव्या गेल्या की आहेत? या प्रश्नाचे उत्तर देता येणे, हे या घटकाचे मुख्य प्रयोजन होय.

हा प्रश्न किरकोळ नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. दळण गिरणीवर गेल्यावर जात्यावरची ओवी म्हणण्याचा प्रसंगच उरला नाही. अशा स्थितीत एका गावातील शंभर ओव्यांची फाइल हेही कधी कधी त्या ओव्यांचे एकमेव अस्तित्व असू शकते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ अक्षर, संकेतांक आणि बाइट

सोस्यूरने भाषिक चिन्हाचे वर्णन ‘यादृच्छिक’ असे केले. ‘पाणी’ या ध्वनिमालिकेचा त्या द्रवाशी नैसर्गिक संबंध नाही. तो भाषिक समाजाने मान्य केलेला आहे. संगणकातील लिखित मजकूर याच तत्त्वाची एक पायरी पुढे नेतो. संगणक अक्षरे साठवत नाही, तो अंक साठवतो. कोणत्या अंकाने कोणते चिन्ह समजावयाचे, हा संकेत माणसांनी ठरवलेला असतो.

भारतीय लिप्यांसाठी असा संकेत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केला. तो ‘इस्की’ या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ या संकेताची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा राखलेल्या आहेत आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे.

‘बोरी’ हा शब्द पाहा. वाचकाच्या दृष्टीने त्यात दोन अक्षरे आहेत : बो आणि री. युनिकोडच्या दृष्टीने चार चिन्हे आहेत : ब (२३४८), ओ-काराची खूण (२३७९), र (२३५२) आणि दीर्घ ई-काराची खूण (२३६८). या क्रमांकांना ‘संकेतांक’ म्हणतात. मात्र फाइलमध्ये हे संकेतांक जसेच्या तसे लिहिले जात नाहीत. तेथील मोजमापाचे एकक ‘बाइट’ असून एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एकच संख्या मावते. म्हणून संकेतांकाचे बाइटमध्ये रूपांतर करण्याचा आणखी एक संकेत लागतो. आज सर्वाधिक प्रचलित असलेला ‘यूटीएफ-८’ हा असा संकेत १९९२ मध्ये केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचला. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यानुसार ‘बोरी’ची नोंद अशी होते :

२२४ १६४ १७२ – २२४ १६५ १३९ – २२४ १६४ १७६ – २२४ १६५ १२८

दोन अक्षरे, चार संकेतांक, बारा बाइट. या तीन पातळ्या मनात स्पष्ट असल्या की पुढील विवेचन सुलभ होईल. जोडाक्षरात हा फरक अधिक ठळक होतो. ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकावर ‘क्ष’ एकाच कळीने उमटतो. पण त्याचे संकेतांक तीन (क, हलन्ताची खूण, ष) आणि बाइट नऊ असतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. ‘परभणी’ या शब्दात किती संकेतांक व यूटीएफ-८ नुसार किती बाइट आहेत?
२. ‘बोरी’, ‘पाणी’ आणि ‘गोणी’ या शब्दांत संकेतांकांच्या संख्येच्या दृष्टीने कोणते साम्य आहे?

४.३.२ प्रमाण मॉड्यूल आणि व्यासपीठनिष्ठ मॉड्यूल

एखादे विशिष्ट काम करणाऱ्या आज्ञांचा तयार संच म्हणजे मॉड्यूल. प्रोग्राम लिहिणारा त्यास नावाने बोलावतो व त्यातील सोयी वापरतो. (प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये ही नावे रोमन लिपीत लिहावी लागतात, येथे ती उच्चारानुसार दिली आहेत.) विंडोज, लिनक्स, मॅकओएस यांसारख्या प्रणालींना ‘व्यासपीठ’ म्हणतात. काही मॉड्यूल सर्व व्यासपीठांवर सारखीच चालतात, तर काही एखाद्याच व्यासपीठावर उपलब्ध असतात. दुसऱ्या प्रकारच्या मॉड्यूलांना ‘व्यासपीठनिष्ठ’ मॉड्यूल म्हणतात.

पायथॉनमध्ये ‘एमएसव्हीसीआरटी’ हे मॉड्यूल केवळ विंडोजवर असते. ‘टर्मिऑस’, ‘टीटीवाय’ आणि ‘एफसीएनटीएल’ ही मॉड्यूले युनिक्सच्या परंपरेतील प्रणालींवर, म्हणजे लिनक्स व मॅकओएसवर असतात. याउलट ‘ओएस’ हे मॉड्यूल सर्वत्र आहे. परंतु तेही वस्तुतः एक दर्शनी दालन आहे : विंडोजवर ते ‘एनटी’ नावाच्या आणि इतरत्र ‘पॉझिक्स’ नावाच्या मॉड्यूलाकडून काम करून घेते.

प्रमाणभाषा आणि बोली यांच्या नात्याशी हे ताडून पाहावे. प्रमाणभाषेत लिहिलेले नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत समजते. पण घरातील, शेतातील बारकावे बोलीतच नेमके सांगता येतात. त्याचप्रमाणे फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे ही सर्वसामान्य कामे प्रमाण मॉड्यूल करते. एखादी कळ दाबताक्षणी ओळखणे, फाइलला कुलूप लावणे यांसारख्या कामांसाठी त्या-त्या व्यासपीठाच्या बोलीत बोलावे लागते. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. आपण कोणाशी बोलत आहोत, हे आधी ओळखणे एवढेच महत्त्वाचे. जाणता प्रोग्रामलेखक म्हणून आधी व्यासपीठ विचारतो आणि मगच मॉड्यूल निवडतो.

४.३.३ कन्सोल खिडकी

ज्या साध्या खिडकीत आज्ञा टंकित करावयाची आणि तेथेच अक्षरांत उत्तर मिळवावयाचे, तिला कन्सोल म्हणतात. तिचा पूर्वज दूरटंकयंत्र होय. ‘टीटीवाय’ हे मॉड्यूलाचे नाव त्याच यंत्राच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप आहे. टंकयंत्रात प्रत्येक चिन्हाला सारख्या रुंदीची जागा मिळते. कन्सोलनेही हीच चौकटींची रचना स्वीकारली. रोमन लिपीला ती पुरली. देवनागरीत मात्र मात्रा अक्षराच्या वर, खाली किंवा आधी बसते. ‘कि’ या अक्षरात फाइलमधील क्रम उच्चाराप्रमाणे आधी क व मग इ-कार असा आहे. डोळ्यांना मात्र इ-कार आधी दिसतो. हे स्थानांतर न जाणणारी खिडकी इ-कार चुकीच्या जागी दाखवते, जोडाक्षर फोडते किंवा चिन्हाऐवजी रिकामा चौकोन काढते.

येथे एक भेद कटाक्षाने पाळावा : खिडकीत अक्षर मोडलेले दिसणे म्हणजे फाइलमधील मजकूर मोडणे नव्हे. आरसा तडकला म्हणून चेहऱ्याला इजा झाली, असे होत नाही.

खिडकीची दुसरी अडचण तिने गृहीत धरलेल्या संकेताची आहे. विंडोजच्या कन्सोलला प्रत्येक वेळी एक ‘संकेतपृष्ठ’ मानावे लागते. जुन्या रोमन संकेतपृष्ठांत देवनागरीला जागाच नाही. यूटीएफ-८ साठीचे पृष्ठ ६५००१ या क्रमांकाचे आहे. पायथॉनने २०१६ च्या ३.६ या आवृत्तीपासून विंडोजच्या कन्सोलशी थेट युनिकोडमध्ये व्यवहार सुरू केल्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली. तरीही योग्य फॉण्टचा प्रश्न स्वतंत्रपणे उरतोच.

तिसरी अडचण कळफलकाकडून येणाऱ्या अक्षराची. ‘एंटर’ न दाबता एकच कळ वाचण्यासाठी विंडोजवर एमएसव्हीसीआरटी मॉड्यूलातील ‘गेटसीएच’ ही सोय वापरतात. ती बाइटच्या हिशेबाने चालते आणि एका बाइटमध्ये देवनागरी चिन्ह मावत नाही. त्यासाठी त्याच मॉड्यूलात ‘गेटडब्ल्यूसीएच’ ही युनिकोड जाणणारी भावंड-सोय आहे. लिनक्सवर टर्मिऑसच्या साहाय्याने खिडकीचा नेहमीचा ओळीगणिक व्यवहार स्थगित करून कळ वाचता येते. परंतु तेथे एकच बाइट वाचल्यास ‘ब’चा पहिला तृतीयांश हाती येतो. तीनही बाइट जमेपर्यंत थांबावे लागते.

४.३.४ फाइल

फाइलच्या बाबतीत चार ठिकाणी व्यासपीठांचे संकेत भिन्न आहेत.

(अ) ओळीचा शेवट : लिनक्समध्ये ओळीचा शेवट १० या एका बाइटने, तर विंडोजमध्ये १३ व १० या दोन बाइटनी दर्शवतात. टंकयंत्राचा गाडा मूळ जागी नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे, या दोन क्रियांची ही आठवण होय. विंडोजचे ‘नोटपॅड’ २०१८ पर्यंत केवळ १० ही खूण ओळखत नसे; त्यामुळे लिनक्सवरील ओव्यांचे सर्व चरण तेथे एकाच लांबलचक ओळीत दिसत. पायथॉनमध्ये फाइल ‘मजकूर’ म्हणून उघडली तर हे रूपांतर आपोआप होते. ‘बाइट’ म्हणून उघडली तर होत नाही.

(आ) फाइलचे नाव : लिनक्सवरील प्रचलित फाइलव्यवस्थांत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीत कमाल ८५ चिन्हे. विंडोजवर ही मर्यादा दोन-दोन बाइटच्या २५५ एककांची असल्याने तेथे देवनागरीची २५५ चिन्हे मावतात. विंडोजवर ठेवलेले लांबलचक मराठी शीर्षक लिनक्सवर नाकारले जाण्याचे हे कारण.

(इ) एकाच अक्षराची अनेक लेखनरूपे : मराठीच्या अभ्यासकाने हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्या’ तीन प्रकारे लिहिता येतो. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असते. दुसऱ्यात ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे असतात. तिसऱ्यात ‘र’, हलन्ताची खूण आणि न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. संकेतांक मात्र वेगळे. मॅकिंटॉशच्या जुन्या फाइलव्यवस्थेत नावातील पहिले रूप दुसऱ्यात बदलून साठवले जाई. परिणामी, डोळ्यांना तंतोतंत तेच दिसणारे नाव शोधूनही प्रोग्रामला फाइल सापडत नसे. पायथॉनमधील ‘युनिकोडडेटा’ हे सर्वत्र चालणारे मॉड्यूल पहिली दोन रूपे एक करून देते. तिसरे स्वतः शोधून बदलावे लागते. वारंवारता मोजण्यापूर्वी हे केले नाही तर एकच शब्द तीन शब्द म्हणून मोजला जातो.

(ई) कुलूप : दोघांनी एकाच वेळी एकाच फाइलमध्ये लिहिले तर एकाचे लेखन दुसऱ्यावर चढते. हे टाळण्यासाठी विंडोजवर एमएसव्हीसीआरटीमधील ‘लॉकिंग’, तर युनिक्स परंपरेत एफसीएनटीएलमधील ‘फ्लॉक’ या सोयी आहेत. विंडोजचे कुलूप इतर सर्व प्रोग्रामांवर बंधनकारक असते. लिनक्सवरील कुलूप सर्वसाधारणपणे सूचनेसारखे असते. जो प्रोग्राम कुलूप आहे का हे विचारतो, त्यालाच ते अडवते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. लिनक्सवर ९० देवनागरी चिन्हांचे फाइलनाव का चालणार नाही?
२. गेटसीएच आणि गेटडब्ल्यूसीएच यांतील भेद सांगा.

४.३.५ न वाचता येणे आणि नष्ट होणे

आता बोरीच्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिने फाइल यूटीएफ-८ संकेताने जतन केली होती. केंद्रातील प्रोग्रामने फाइल उघडताना कोणताही संकेत सांगितला नाही. अशा वेळी पायथॉनच्या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या आवृत्त्या व्यासपीठाचा स्वतःचा संकेत गृहीत धरतात. इंग्रजी मांडणीच्या अनेक विंडोज संगणकांवर तो १२५२ या क्रमांकाच्या रोमन संकेतपृष्ठाचा असतो. त्या पृष्ठावर २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, १६५ म्हणजे येन या जपानी चलनाचे चिन्ह, १७६ म्हणजे अंशाचे वर्तुळ आणि १२८ म्हणजे युरोचे चिन्ह. ‘बोरी’ या गावनावाच्या जागी येन, अंश आणि युरो उमटले ते यामुळे.

आणखी एक गोष्ट उद्बोधक आहे. त्या संकेतपृष्ठावर १२९ आणि १४१ या जागा रिकाम्या आहेत. ऱ्हस्व उ-काराच्या खुणेचा तिसरा बाइट १२९ आणि हलन्ताच्या खुणेचा तिसरा बाइट १४१ असतो. म्हणून ‘बोरी’, ‘परभणी’ हे शब्द मुकाट्याने चुकीचे वाचले जातात. पण ‘पुस्तक’ आला की प्रोग्राम दोष दाखवून थांबतो. हा दोषसंदेश पाहून विद्यार्थी घाबरतात. वास्तविक तो उपकारक आहे : संकेत चुकला असल्याचे तो वेळीच सांगतो.

येथवर काहीही नष्ट झालेले नाही. बारा बाइट जागेवर आहेत. योग्य संकेत सांगून फाइल पुन्हा उघडली की ओवी जशीच्या तशी वाचता येते. खरा अनर्थ पुढच्या पायरीवर घडतो. दोषसंदेश टाळण्यासाठी काही जण ‘न जुळणारे चिन्ह बदला’ किंवा ‘गाळा’ असा आदेश देतात आणि देवनागरी मजकूर रोमन संकेतपृष्ठात जतन करतात. ‘बदला’ असा आदेश असल्यास प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. ‘बोरी’चीही चार प्रश्नचिन्हे, ‘पाणी’चीही चार आणि ‘गोणी’चीही चार. मूळ फाइलवरच असे जतन केले, तर कोणता शब्द कोणता होता हे त्या फाइलवरून पुन्हा कधीही सांगता येणार नाही.

हा भेद मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. ‘शिशुपालवध’ आणि ‘उद्धवगीता’ यांचे कर्ते भास्करभट्ट बोरीकर ज्या महानुभाव पंथाचे, त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. सकळ लिपीत नेहमीच्या अक्षराऐवजी ठरवून दिलेले दुसरे चिन्ह लिहीत. पंथाबाहेरच्या वाचकाला त्या पोथ्या शतकानुशतके वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि प्राचीन मराठी गद्यपद्याचे मोठे भांडार अभ्यासकांपुढे आले. हे शक्य झाले, कारण चिन्हे पोथीच्या पानावर शाबूत होती. हरवली होती ती केवळ किल्ली. वाळवीने खाल्लेल्या पानाचा उलगडा मात्र कोणालाच करता येत नाही. चुकीच्या संकेताने उघडलेली फाइल ही सकळ लिपीतील पोथी होय. प्रश्नचिन्हांत जतन केलेली फाइल हे वाळवीने खाल्लेले पान होय.

यावरून पुढील दक्षता ठरतात :
१. फाइल उघडताना आणि लिहिताना संकेत प्रत्येक वेळी स्पष्टपणे सांगावा. व्यासपीठाच्या गृहीतावर विसंबू नये.
२. मूळ फाइलवर कधीही प्रयोग करू नये. प्रत काढून त्या प्रतीवर करावा.
३. पडद्यावर चिन्हे बिघडलेली दिसली तर ‘जतन करा’ ही आज्ञा देऊ नये. फाइल बंद करून योग्य संकेताने पुन्हा उघडावी.
४. दोषसंदेश गप्प करण्यासाठी चिन्हे बदलण्याचा किंवा गाळण्याचा पर्याय वापरू नये.
५. संकलनासोबत एक छोटी टीप ठेवावी : संकेत कोणता, प्रणाली कोणती, ‘ऱ’चे लेखनरूप कोणते.

४.४ सारांश

संगणकातील मराठी मजकूर ही अंकांची मालिका असून तिला अक्षरांचा अर्थ संकेतामुळे प्राप्त होतो. प्रमाण मॉड्यूल सर्व व्यासपीठांना समान चेहरा देते; व्यासपीठनिष्ठ मॉड्यूल कळ वाचणे, कुलूप लावणे अशी प्रणालीशी निगडित कामे करते. कन्सोल खिडकी हे मजकुराचे केवळ दर्शन आहे. मजकूर फाइलमधील बाइटमध्ये असतो. संकेत चुकल्यास मजकूर वाचता येत नाही, पण तो परत मिळवता येतो. बाइट बदलले गेल्यास मात्र तो कायमचा जातो.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) पाच संकेतांक, पंधरा बाइट. (२) तिन्ही शब्दांत प्रत्येकी चार संकेतांक आहेत.
प्रश्न २ : (१) ९० चिन्हांना २७० बाइट लागतात, मर्यादा २५५ बाइटची आहे. (२) गेटसीएच बाइट वाचते. गेटडब्ल्यूसीएच युनिकोड चिन्ह वाचते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘न वाचता येणे’ आणि ‘नष्ट होणे’ यांतील भेद सकळ लिपीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. प्रमाण व व्यासपीठनिष्ठ मॉड्यूल यांची प्रमाणभाषा व बोली यांच्याशी केलेली तुलना कोठपर्यंत टिकते? तुमचे मत साधार मांडा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील वयस्कर व्यक्तीकडून दहा ओव्या किंवा म्हणी ऐकून उतरवा. फाइल यूटीएफ-८ संकेताने जतन करा, वेगळ्या प्रणालीच्या संगणकावर उघडा आणि काय दिसले त्याची नोंद ठेवा. फाइल सोपवण्यापूर्वी तिची एक प्रत ज्यांच्याकडून ओव्या किंवा म्हणी ऐकल्या, त्यांच्या घरी कागदावर छापून द्या.